जामीनदाराचं आधार गावच्या ग्रुपवर टाकलं, २५० कोटी मिळणार का?

कागल तालुक्यातल्या एका ताईंचा मेसेज आलाय. दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला त्या पतसंस्थेत जामीन राहिल्या, दिरानं हप्ते थकवले, आणि वसुलीवाल्यानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताईंच्या जामीनपत्राचाच फोटो टाकला, त्यात यांचा फोटो, आधार नंबर, मोबाईल, पगाराच्या खात्याचा नंबर सगळं आलं. ताई शाळेत नोकरीला, ग्रुपमध्ये निम्मे पालक. आता विचारतात, नवीन डेटा कायद्यात २५० कोटींचा दंड आहे म्हणे, त्यातले मला किती मिळतील, आणि ग्रुप ॲडमिनलाही गुंतवू का?

ताई, आधी नकोसं वाटेल ते सांगतो. जामीनदार म्हणून सही केलीय ना, मग करार कायद्याच्या कलम १२८ नं तुमची जबाबदारी दिराइतकीच, फोटो टाकला म्हणून कर्ज सुटत नाही. वसुली त्यांनी करावीच, पण सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढून, नोटीस देऊन, रीतसर. कर्जाचा विषय आणि बदनामीचा विषय वेगळा ठेवा, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच तारखेला "पैसे बुडवायला नाटक चाललंय" म्हणणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीपण हेच म्हणालो असतो.

आता २५० कोटी. हा कायदा, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, झाला ऑगस्ट २०२३ मध्ये, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यातही डेटा संरक्षण मंडळाचा भाग तेवढा लगेच लागू झाला, तुमचे हक्क, संस्थांवरची बंधनं, दंड हे सगळं १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये. शिवाय तो दंड जातो सरकारी तिजोरीत, ज्याचा डेटा फुटला त्याला त्यातली दमडी मिळत नाही. बातम्यांमध्ये आकडा मोठा दिसतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

गंमत अशी की भरपाई मिळवून देणारं कलम जुन्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्यात आहे, ४३अ, आणि नवीन कायदा पूर्ण लागू झाला की तेच रद्द होणार. म्हणून दिरंगाई नको. अर्ज करायचा राज्याच्या आयटी खात्याच्या सचिवांकडं, मंत्रालयात, ते न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ५ कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. फक्त एक मेख आहे: त्या कायद्याच्या २०११ च्या नियमांतल्या "संवेदनशील" माहितीच्या यादीत बँक खात्याचे तपशील आहेत, आधार नंबर नाही. त्यामुळं तुमच्या अर्जात पगाराच्या खात्याचा नंबर पहिल्या परिच्छेदात यायला हवा, आधारचं रडगाणं नंतर. आणि रक्कम मागताना नुकसान दाखवावं लागेल, फसवणुकीचे कॉल आले, खातं बदलावं लागलं, जे झालं असेल ते.

आधारसाठी आधार कायद्याचं कलम २९(४) वेगळं आहे, नंबर असा जाहीर करता येत नाही. आणि सेवा देताना मिळालेली माहिती करार मोडून, तुमचं नुकसान होईल हे माहीत असताना बाहेर दिली तर आयटी कायद्याच्या ७२अ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ही तक्रार कोल्हापूरच्या सायबर पोलिस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.

संस्था म्हणेल, थकबाकीदारांची नावं लावायची पद्धतच आहे. केरळ हायकोर्टात डिसेंबर २०२४ मध्ये एका सहकारी संस्थेचं असंच प्रकरण आलेलं, कर्जदारांचे फोटो फ्लेक्सवर लावलेले, संस्थेनं दवंडीच्या जुन्या नियमाचा आधार घेतला, कोर्टानं ती पद्धतच कालबाह्य ठरवली आणि माणसाच्या प्रतिष्ठेच्या हक्काला धक्का लागतो म्हटलं. इथं बंधनकारक नाही, पण संस्थेविरुद्ध सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडं अर्ज करा आणि त्याला या निकालाची प्रत जोडाच. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसतंय म्हणून "लगेच रिट टाकूया" असं कुणी भरीस घातलं तर थांबा, पतसंस्था म्हणजे सरकार नव्हे, आधी निबंधक.

ॲडमिनला सोडा. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टला, संगनमत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही. उलट त्याला साक्षीदार करा, फोटो त्याच्या फोनमध्येही आहे. पोस्ट टाकणाऱ्यानं "सगळ्यांसाठी डिलीट" करायच्या आत चॅट एक्स्पोर्ट करा, नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तुमचा तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच्यावरच करावं लागणार.

आणि दिराचे हप्ते तुम्ही भरणार असाल तर पावती तुमच्या नावानं, "जामीनदार म्हणून भरणा" असं लिहून घ्या, पैसे चेकनं किंवा ऑनलाइनच द्या. भरलेले पैसे पुढं दिराकडनं वसूल करायला करार कायद्याचं कलम १४५ आहे, पण हातात दिलेल्या रोख पैशाला दीर उद्या ओळखणारपण नाही.