‘एवढं छान शिवता, मग विकत का नाही?’

कणकवलीच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात, तोही अगदी उठता उठता, चपला घालताना. "ताई, दिवसभर घरातच असते, काहीतरी शिवत-टिपत बसते. वेळ फुकट जातोय का हो माझा?" कुणाची गोधडी असते, कुणाचं मशीनवरचं भरतकाम, कुणाचं क्रोशाचं तोरण. निवृत्त पुरुषही विचारतात, फक्त ते त्याला ‘टाइमपास’ म्हणतात. उत्तर म्हणून एकीची हकिगत सांगते. ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत. त्यांना इथे आपण वहिनी म्हणू.

वहिनी ५२ वर्षांच्या. डोंबिवलीत संसार झाला, मुंबईत २४ वर्षं नोकरी. तीन वर्षांपूर्वी यजमानांनी लवकर निवृत्ती घेतली, यांनीही नोकरी सोडली आणि दोघं देवगड तालुक्यातल्या जुन्या घरी राहायला आले. मुलगा पुण्याला. घरात सासूबाई, परड्यात आंब्याची पाच कलमं आणि माजघरात एक काळी पायमशीन, तिला आता मोटर बसवलेली.

जूनच्या सुरुवातीला पहिल्यांदा आल्या तेव्हाची तक्रार अशी: झोप लागत नाही, छातीत धडधडतं आणि मशीनजवळ गेलं की पोटात गोळा येतो. रक्तदाब, थायरॉइड, ईसीजी सगळं डॉक्टरांकडून तपासून झालं होतं. या वयात ते झाल्याशिवाय मी पुढचं काही बोलतच नाही. धडधडण्याला नुसतं ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिलेल्या बायका मी पाहिल्यात.

"मशीनवर काय करता?" म्हटल्यावर त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. बाळाची गोधडी होती. मऊ सुती साड्यांचे तुकडे, मधोमध भरतकामात एक होडी, खाली बाळाचं नाव. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, काय सुंदर आहे! विकत का नाही तुम्ही?"

वहिनींनी मोबाइल पर्समध्ये टाकला. राहिलेली वीस मिनिटं त्या पावसाबद्दल बोलल्या.

इतक्या वर्षांच्या सरावानंतरही अशी चूक होते. कौतुक केलं की माणूस मोकळा होतो, असा माझा भाबडा समज होता. खरं तर ‘विकत का नाही’ हेच त्यांचं दुखणं होतं आणि मी नेमका तिथेच हात लावला. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, हे माझं नशीब. तेव्हा मी आधी माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दहाव्या असाल हे विचारणाऱ्या."

घडलं होतं ते असं. गावी आल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी आईच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी हाताने शिवली. मग तालुक्याला जाऊन मशीनवरचं भरतकाम शिकल्या. गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याच्या सुनेने बाळासाठी गोधडी मागून घेतली, पैसे दिले. भाच्याने इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं. यजमानांनी वही घातली: नाव, पत्ता, रंग, आगाऊ रक्कम. वर्षभरात ऑर्डरी वाढल्या आणि वहिनींचं मन उडत गेलं. महिनाभर मशीनवरचं कापड काढलं नव्हतं. "मी आळशी झालेय का ताई? लोक म्हणतात, घरबसल्या पैसे मिळतायत, आणखी काय हवं!" सासूबाईंचं वेगळंच. मशीन सुरू असली की, "गो, ता मशीन वायच बंद ठेव, डोक्यात खटखट होता," आणि बंद असली की, "आज मशीन कित्याक बंद?"

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून दोन गोधड्या आणल्या होत्या. पहिली आईच्या लुगड्यांची. धावदोरा कडेपासून आत आत गेलेला, टाके लहान-मोठे, एका बाजूला ओळ चक्क वाकडी. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीव त्रिकोणांची फुलं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या बायका अशा गोधड्या करतात, तिकडे तिला कवंदी म्हणतात. कोपऱ्यांवरच्या त्रिकोणांना फुलंच म्हणतात आणि त्यांच्यावाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. वहिनींनी ते कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं होतं. दुसरी गोधडी ऑर्डरची. मशीनची टीप एकदम सरळ. कोपऱ्यांवर फुलं नाहीत. "त्यात अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे कोण देणार?"

मग त्यांनी ती उलटी केली. होडीच्या मागे दोऱ्यांचं जाळं झालं होतं, बोटभर जाड. "हे बघा. असं व्हायला लागलं आणि मी हात टेकले." मी विचारलं, हे कशाने होतं? त्या सांगायला लागल्या आणि मी लिहिणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. मशीनवर भरताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, काढायचा. दात्यांवर पट्टी बसवायची, म्हणजे कापड आपोआप सरकत नाही. रिंग हातभरतकामाच्या उलटी लावायची, कापड मशीनच्या पाटाला टेकलं पाहिजे. मग दोन्ही हातांनी रिंग धरून कापड सुईखाली फिरवायचं. सुई जागेवर वरखाली होते, चित्र काढतं ते कापड. आणि गंमत अशी की फूट काढलेला असला तरी त्याची दांडी खाली पाडावीच लागते. ती वर राहिली तर वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही, सगळा दोरा खाली जाऊन गुंततो. "शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात हे. घाईत मी तेच विसरायला लागले."

पाच मिनिटं हाताने हवेत रिंग फिरवत बोलत होत्या. छातीत धडधडण्याचं नावही नाही. (दोऱ्याच्या ताणावरून मनाच्या ताणावर एक छानसं वाक्य टाकण्याचा मोह मला झाला होता, तो मी गिळला.)

मी त्यांना एक जुना प्रयोग सांगितला. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता शेवटी अचानक बक्षीस दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच पेनं समोर ठेवली, तर बक्षीस ठरवून चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या मानाने जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला मात्र काही झालं नव्हतं.

वहिनींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या पोरांना लाइट बिल भरायचं नव्हतं ना ताई."

बरोबर होतं. मनासाठी शिवा, पैसे सोडा, हा उपदेश पोट भरलेल्या माणसाने करायचा. म्हणून आम्ही आधी हिशेबच मांडला. बाळाची एक गोधडी ७०० रुपयांना जात होती. अस्तर, दोरे, पार्सल मिळून २६० खर्च व्हायचे. राहिले ४४०. तास किती लागतात ते त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. मोजले तर २२ निघाले. तासाला २० रुपये. वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या. जवळजवळ पाव शतक पगार घेतलेली बाई ती.

जुलैत त्यांच्याकडे वादळी पावसाने चार दिवस वीज गेली. मोबाइलही बंद. त्यांनी मोटरचा पट्टा काढून जुना चामड्याचा पट्टा चढवला आणि पायाने मशीन चालवली. ऑर्डर विचारायला कुणी नाही, फोटो पाठवायचा नाही. त्या चार रात्री त्यांना झोप लागली. हे त्यांनी मला सहज सांगितलं, गंज लागू नये म्हणून मशीनला तेल कसं घातलं ते सांगता सांगता.

मी त्यांना दिवसाची वही घातली. नैराश्याच्या उपचारात वर्तन-सक्रियण नावाची पद्धत आहे, तिचाच हा भाग. दर तासाला काय केलं ते लिहायचं आणि पुढे दोन आकडे, शून्य ते दहा: मजा किती आली, आणि काही जमलं असं किती वाटलं. माझी अटकळ होती की ऑर्डरच्या कामाला कमी गुण पडतील आणि स्वतःच्या शिवणाला जास्त. ग्राहकांच्या मेसेजना उत्तरं देण्यापुढे १ होता, ते ठीक. पण स्वतःसाठी, एकटीने माजघरात केलेल्या शिवणालाही ४च्या वर गुण नव्हते. आठवड्यातला एकमेव ८ होता तो बुधवारी दुपारी. त्या वेळी वहिनी शिवतच नव्हत्या! वाडीतल्या दोघी आल्या होत्या आणि तिघी पडवीत बसून कापडाचे तुकडे रंगाप्रमाणे निवडत होत्या.

"मुंबईला असताना शिवायचात का?"

"तिथे कुठला वेळ! गाडीत क्रोशा करायचे."

आणि मग लेडीज डबा सुरू झाला. डोंबिवली ते सीएसटी सव्वा तास. कुणी भाजी निवडतेय, कुणी पोथी वाचतेय, चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेल्या वहिनींच्या हातात सुई. एकीने टाका शिकवायचा, दुसरीने चूक दाखवायची, तिसरीने सासूचं गाऱ्हाणं. श्रावणात डब्यातच हळदीकुंकू. २४ वर्षं त्यांच्या हातातलं काम माणसांच्या गर्दीत झालं होतं. गावी येऊन हातात भरपूर वेळ आला, मशीन आली, ऐसपैस माजघर आलं, आणि डबा मात्र सुटला. हे बोलताना त्या रडल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

गोधडी तशी एकटीने करायची वस्तूच नव्हे, असं माझं मत आहे. जमिनीवर पसरली की चार बाजूंना चौघी बसाव्यात एवढी ती असते.

गणपतीच्या आधी यजमानांना बोलावलं. ते फाइल घेऊन आले. ऑर्डरींची यादी, रंगांचे रकाने, कुठली रक्कम बाकी. "मॅडम, मी हे सगळं हिच्यासाठीच करतोय." मी विचारलं, "आणि तुम्ही स्वतःसाठी काय करता?" फाइल उघडत-मिटत राहिले. निवृत्त झाल्यावर या माणसाला करायला काही उरलं नव्हतं आणि बायकोचा छंद त्याने नोकरीसारखा धरला होता. मला त्यांचा राग आला नाही. वहिनींना थोडा आला, आणि तो त्यांनी तिथेच बोलून दाखवला, हे बरं झालं.

ठरलं ते फार मोठं नाही. महिन्याला दोनच ऑर्डरी, किंमत १,८००, नको असेल त्याने घेऊ नये. मेसेजना उत्तरं यजमानांनी द्यायची, पण नवीन ऑर्डर घ्यायची की नाही ते वहिनी सांगतील. बुधवारी दुपारी पडवीत ज्यांना यायचं त्या येतील, त्या दिवशी मशीन बंद, हातशिलाईच. त्या गोधडीचा फोटो काढायचा नाही. किंमत वाढल्यावर चार जणींनी ऑर्डर रद्द केली. वहिनींना त्याचं वाईट वाटलं आणि त्या रात्री त्या छान झोपल्या.

आता मूळ प्रश्न, वेळ फुकट जातो का. मी उलट विचारते: काम खाली ठेवून उठता तेव्हा कशा असता? उठल्यावर घरातलं, माणसांतलं काही करावंसं वाटत असेल तर बसा खुशाल. माझ्याकडे एक मुलगी आली होती, दिवसाचे नऊ तास भरतकाम करायची, कारण खोलीबाहेर आलं की लग्नाचा विषय निघायचा. तिचा टाका वहिनींपेक्षा सुबक होता, पण ती आत लपली होती. तिथे बोलावं लागलं ते भरतकामाबद्दल नव्हे, लग्नाबद्दल. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर छंद बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आमच्याकडच्या कित्येक वाड्यांतून कणकवली गाठायची म्हणजे दिवस जातो, त्यांना हा नंबर मी आवर्जून देते.

डिसेंबरात वहिनी शेवटच्या आल्या. धडधड कधीमधी होते म्हणाल्या, पोटातला गोळा गेला. बुधवारच्या गोधडीचे तीन कोपरे झालेत, चौथ्यासाठी योग्य रंगाचा तुकडा मिळत नाही म्हणून पाच बायका महिनाभर वाद घालतायत.

"आणि साहेब?"

"संध्याकाळी जेटीवर गळ टाकून बसतात. रोज रिकाम्या हाताने येतात. परवा एक तांबोशी लागली, तर माका म्हणतात कसे, आमटी कर, विकूची नाय हां."