‘चालतंय की’ मधला ‘की’ कुणाचा?

लातूरच्या एका वाचकांनी विचारलंय: ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ साली आली, तेव्हापासून आमच्याकडची पोरं सारखं ‘चालतंय की’ म्हणतात. हा ‘की’ कोल्हापूरचा का?

मालिका कोल्हापूरची, राणादाच्या तोंडचं ते वाक्य घरोघर गेलं, इथवर बरोबर. पण ‘की’ आपल्याकडं आधीपासून आहे. “भाकर उरली का गं?” “हाय की, बस.” हे मी आजीच्या चुलीपुढं ऐकलंय, तेव्हा घरात टीव्हीच नव्हता.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. परवा एका मंगल कार्यालयात निवेदक माइकवर म्हणाला, “वऱ्हाडी मंडळींचं स्वागत आहे की!” अरे, कुणी शंका काढली होती? हा ‘की’ उत्तरात येतो. समोरच्याच्या मनात किंतु असतो, तो पुसायला येतो. “जेवलास?” “जेवलो की.” म्हणजे, यात विचारायचं काय! उगाच कुठंही चिकटवला की बोली गावरान होत नाही, खोटी होते.

आणि ‘विचारायचं काय’ हाच त्याचा उगम, असं माझं ठाम मत आहे. संस्कृत ‘किम्’, म्हणजे ‘काय’. ‘किंवा’त तोच, पसायदानातल्या ‘किंबहुना’तही तोच. जुन्या छापील पुस्तकांत ‘कीं’ असाच दिसतो. तो अनुस्वार म्हणजे ‘म्’ची खूण, १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी पुसलेली. ‘चालतंय, किम्?’ हा उलटा प्रश्नच झिजून होकार झाला. पुरावा हवा तर कुणालाही विचारा, “येतोस का बाजाराला?” उत्तर येईल, “मग काय!” इथंही ‘काय’ प्रश्न राहिलेला नाही, होकार झालाय.

काही जाणकार सरसकट सांगतात की ‘की’ फारसीतून आला, निजामी मुलखात तर नक्कीच. हा निव्वळ आळस आहे. ‘तो म्हणाला की…’ यातल्या ‘की’वर फारसीची छाप आहे, हे मान्य. आपली जुनी माणसं तिथं ‘येतो म्हणून सांगितलं’ असंच म्हणतात. पण तो ‘की’ पुढच्या वाक्याचं दार उघडतो, आपला ‘की’ दार लावून घेतो. १९४८पर्यंत इथं दरबारी भाषा उर्दू होती. त्या उर्दूत या जागी ‘ना’ येतो: ‘चलेगा ना’. मग ‘चालतंय की’ त्यांनी आपल्याला दिला कुठून?

गंमत अशी, की फारसी ‘के’ आणि संस्कृत ‘किम्’ हे मुळात एकाच प्रश्नार्थक सर्वनामाचे वंशज, चुलतभाऊच. आपल्या वाक्यात एक मध्ये बसलाय, दुसरा शेवटी.