स्मार्ट स्कॅनशी पहिली ओळख

'मशीन एवढे महाग, तरी क्वेरी जलद का होत नाही?' हा आपला प्रश्न रास्त आहे. एक्झाडेटावर, म्हणजे ओरॅकलच्या खास डेटाबेस मशीनवर, नव्याने आलेला जवळपास प्रत्येक जण तिथेच अडतो.

नेहमीच्या रचनेत डेटाचे सगळे ब्लॉक डेटाबेस सर्व्हरपर्यंत ओढून आणले जातात आणि मग चाळले जातात, तर स्मार्ट स्कॅनमध्ये ती चाळण स्टोरेज सर्व्हरवरच लागते आणि हव्या त्या ओळी व रकानेच पुढे येतात. त्यामुळे खरा लाभ लाखो ओळी वाचणाऱ्या अहवालांना होतो. एकाच ग्राहकाची नोंद शोधायची असेल, तर साधा इंडेक्सच बरा. तेव्हा सगळे इंडेक्स काढून टाकण्याचा मोह आवरावा.

हमखास होणारी चूक म्हणजे प्लॅनमध्ये (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्याच्या आराखड्यात) 'टेबल ॲक्सेस स्टोरेज फुल' दिसताच काम फत्ते झाले असे मानणे. त्या ओळीवरून केवळ शक्यता कळते. क्वेरी चालू असताना 'सेल स्मार्ट टेबल स्कॅन' हा वेट इव्हेंट (क्वेरी कशासाठी थांबली आहे ते सांगणारी नोंद) दिसला, तरच स्मार्ट स्कॅन झाला असे समजावे. टेबल लहान असेल आणि वाचन बफर कॅशमार्गे (डेटाबेस सर्व्हरच्या मेमरीतून) होत असेल, तर तो होत नाही.

दुसरी चूक क्वेरीच्या अटीत असते. पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेत स्वतः लिहिलेले फंक्शन स्टोरेजवर चालत नाही, त्यामुळे त्या अटीची चाळण पुन्हा डेटाबेस सर्व्हरवर येते. म्हणून, उदाहरणार्थ, तारखेची तुलना अशा फंक्शनमधून न करता थेट रकान्याशीच करावी.

कॉम्प्रेशन आणि फ्लॅश कॅश तूर्त बाजूला ठेवा. आधी रोजच्या दोन जड अहवालांवर हा इव्हेंट तपासून पाहा.