समितीवर नव्याने आलेल्या पालकास

आपण जिल्हा परिषदेच्या हायस्कूलच्या शाळा व्यवस्थापन समितीवर प्रथमच आला आहात, म्हणून अनुभवाने उमगलेले सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी 50 टक्के स्त्रिया असाव्या लागतात. त्यामुळे तेथे मत मांडताना संकोच करण्याचे कारण नाही, मात्र ते मत केवळ आपल्या पाल्यापुरते नसावे.

विद्यार्थ्यांना ‘शाळा कशी आहे?’ असे विचारले, तर ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी काल विज्ञानाच्या तासाला काय झाले, पाणी कोठे पितोस, असे नेमके विचारावे. आमच्या शाळेत नववीच्या मुली दिवसभर पाणीच पीत नसत. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी मोडली होती आणि सभेच्या इतिवृत्तात मात्र ‘सुविधा समाधानकारक’ असे सलग तीनदा लिहिले गेले होते. (त्या इतिवृत्तांवर माझीही सही होती.) नवी कडी दुसऱ्याच दिवशी बसली.

पालकांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. पेरणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवली, तर बोलके चौघेच येतात आणि त्यांचेच मत गावाचे मत ठरते. म्हणून मजुरीवरून परतणाऱ्या आयांना संध्याकाळी घरी जाऊन भेटावे. एखाद्या शिक्षकाविषयी तक्रार आली, तर सभेत नाव न घेता आधी मुख्याध्यापकांशी बोलावे आणि तक्रार करणाऱ्या मुलाचे नाव कोणालाही सांगू नये.