रस्त्यावर सेन्सर लावायचाय? आधी खांबाचा नंबर लिहून घ्या

प्रश्न : आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे. मोठ्या रस्त्यावरची कोंडी चुकवायला निघालेली वाहनं शाळा सुटायच्या वेळी गल्लीतून सुसाट जातात. पालकांनी वर्गणी काढली आणि ओळखीतल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी वाहनं मोजणारे दोन छोटे सेन्सर बनवून दिले. ते तीन महिने दिव्याच्या खांबांवर लावायचे आहेत. परवानगीचं विचारलं तर कुणी महापालिका म्हणतं, कुणी वाहतूक पोलीस. नेमकी कुणाची लागते?
– एक पालक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : दोघांचीही लागते. खांब महावितरणचा निघाला तर त्यांचीही. एका महापालिकेच्या पथ विभागात मी ३१ वर्षं नोकरी केली, पण ‘सेन्सरची परवानगी’ अशा नावाचा छापील नमुना कधी हातात आला नाही. तुमचं यंत्र किती हुशार आहे याच्याशी टेबलावरच्या माणसाला कर्तव्य नसतं. रस्त्याची जागा कुणाची, खांब कुणाचा आणि बसवताना वाहतूक अडणार का, एवढंच तो बघतो. तुमच्या अर्जात हीच तीन उत्तरं सापडली पाहिजेत.

आधी रस्ता. पुण्यात साधारण १२ मीटरपेक्षा रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे असतात आणि त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे. टेप घेऊन समोरासमोरच्या कुंपणांमधलं अंतर मोजा. नुसतं डांबर मोजू नका, पदपथही धरायचा असतो. गल्ली १२ मीटरच्या आतली असेल तर अर्ज वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. (तुम्ही वारज्याच्या बाह्यवळण महामार्गावर राहत असता, तर महापालिकेत जाऊन उपयोग नव्हता. तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा.)

मग खांब. दिवा महापालिकेचा आणि खांब महावितरणचा, असं आपल्याकडे सर्रास असतं. खांबावर रंगवलेला नंबर लिहून घ्या, अख्ख्या खांबाचा आणि नंबराचा असे दोन फोटो काढा आणि महापालिकेच्या विद्युत विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला दाखवा. खांब कुणाचा ते तो तिथेच सांगेल. दिव्याच्या तारेतून वीज घेऊ, असं अर्जात चुकूनही लिहू नका. एक तर ती मिळणार नाही. दुसरं म्हणजे रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी चालू होतात, त्यामुळे शाळा सुटते तेव्हा त्या तारेत वीज नसण्याचीच शक्यता जास्त. बॅटरी किंवा छोटं सौर पॅनेल लावा. आणि कळकळीने सांगते, मुलांना शिडीवर चढू देऊ नका. पट्टा आवळायला विभागाचाच वायरमन येऊ दे, चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

तुमचा सेन्सर खांबावरचा आहे, डांबरात पुरायचा नाही, हे अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. त्यामागे एक अनुभव आहे. आमच्याकडे एका चौकात वाहनं मोजायला डांबरात तारेचे वेटोळे बसवले होते. बोटभर सुद्धा रुंद नसलेली, चौकोनी कापलेली चर, तिच्यात तार आणि वरून काळं सील. रस्ता नवा होता, ठेकेदाराच्या दोष दायित्वाचा काळ चालू होता, म्हणजे रस्ता बिघडला तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने. जुलैत सीलची एक कड सुटली, पाणी आत गेलं आणि महिनाभरात परातीएवढा खड्डा पडला. ठेकेदाराने चरीवर बोट ठेवलं, ‘कापलं तुम्ही, मी का भरू?’ चर कापायची टिपणी माझ्या सहीने गेली होती आणि रस्त्याचं दायित्व कुणाकडे आहे ते मी तपासलं नव्हतं. त्या खड्ड्यात एक दुचाकीवाली बाई पडली, तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून खोदाईचा कुठलाही अर्ज आला की मी आधी त्या रस्त्याच्या दायित्वाची तारीख बघायची. तुम्हाला खोदायचं नाही, त्यामुळे खोदाई शुल्क नाही, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च नाही आणि पावसाळ्यातल्या खोदाईबंदीचा अडथळाही नाही. एवढ्याने फाइल निम्मी हलकी होते.

पोलिसांकडचं पत्र वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावे द्या. त्यांना खरी शंका असते ती वेगाच्या आकड्यांची. उद्या कुणी म्हणेल, या यंत्रावर दंड करा. दंडासाठीची इलेक्ट्रॉनिक उपकरणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २०२१ च्या तरतुदींखाली येतात. त्यांना मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. म्हणून स्वच्छ लिहा : ‘हे यंत्र फक्त मोजणीसाठी आहे, यावरून कुणावर कारवाई करण्याची आमची मागणी नाही, नंबर प्लेट किंवा चेहरा यात टिपला जात नाही.’ आणि ते खरंच तसं असू द्या.

दोन्ही अर्जांना एकच नकाशा जोडा. हाताने काढलेला चालेल, पण खांबांचे नंबर, शाळेचं फाटक आणि सेन्सरची जमिनीपासूनची उंची त्यात हवी. सुरुवातीची आणि काढून घेण्याची तारीख टाका. ‘तीन महिने’ एवढंच लिहिलं तर ते कधीपासून, या एका शेऱ्याने फाइल परत येते. यंत्र पडून कुणाला इजा झाली तर जबाबदारी आमची, असं हमीपत्र शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या लेटरहेडवर द्या. पंचवीस पालकांच्या सह्यांपेक्षा एका संस्थेचा शिक्का टेबलावर लवकर पुढे सरकतो. मला हे कधीच पटलं नाही, पण आहे तसं आहे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभर उत्तर आलं नाही तर त्या क्रमांकावर काय कार्यवाही झाली, एवढंच माहिती अधिकारात विचारा.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुमचा सेन्सर वाहनं मोजेल, मुलं मोजणार नाही. आमच्या खात्यातही मोजणी कारच्या हिशेबात व्हायची. बसला अमुक कार, रिक्षाला तमुक कार. चालणाऱ्याला त्या हिशेबात आकडाच नाही. दप्तर सावरत दुभाजकाशी थांबलेली मुलगी कुठल्याच तक्त्यात यायची नाही. म्हणून पहिला आठवडा शाळा सुटताना दोन पालकांनी वही घेऊन उभं राहा. पाच-पाच मिनिटांचे रकाने करा आणि ओलांडणारी मुलं रेघा मारून मोजा, शेजारी दुचाक्याही. सेन्सर किती दुचाक्या गाळतो तेही त्यातून कळेल, कारण खेटून चाललेल्या दोन गाड्या त्याला एक दिसू शकतात. मी अजून नोकरीत असते, तर ही वही सेन्सरच्या आलेखाआधी उघडली असती.

प्रश्न : सेन्सर रस्त्यावर न लावता आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या आतून, रस्त्याकडे तोंड करून लावला तर?
– एक सचिव, नाशिक

उत्तर : जागा तुमची, त्यामुळे रस्त्याची किंवा खांबाची परवानगी लागत नाही. कार्यकारी समितीचा ठराव करा. सेन्सर अडकवायचा ब्रॅकेट भिंतीबाहेर, पदपथावर येता कामा नये, आला तर ते अतिक्रमण. कॅमेरा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तुमच्या गल्लीतून जाणाऱ्याने तुम्हाला संमती दिलेली नाही. मोजायला रडार पुरतो. तोच घ्या.