गूगल हातात असताना ग्रंथपाल कशाला?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करायचं म्हणते. आता सगळं गूगलवर मिळतं. वाचनालयात म्हातारी माणसं पेपर चाळायला येतात, तेवढीच. तिचं वर्ष वाया जाईल अशी भीती वाटते. तिला जरा समजावून सांगाल का? – एक पालक, वाई

उत्तर : नमस्कार. तिच्याआधी तुमच्याशीच बोलतो.

तुम्ही वाईचे. मराठीत एखादा विषय गूगलवर शोधला की पुष्कळदा मराठी विश्वकोशाची नोंद वर येते. ती काही गूगलनं लिहिलेली नाही. तुमच्याच गावातल्या कचेरीत ती तपासून, संपादून तयार झाली आणि पुढे कुणीतरी संकेतस्थळावर चढवली, म्हणून दिसते. जे चढवलेलंच नाही, ते गूगलला कुठून सापडणार? सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाचनालयांच्या कपाटांत असं बरंच पडून आहे.

बरं, चढवलेलंही धड सापडतं असं नाही. जुन्या पुस्तकांची कितीतरी पानं नुसती फोटो म्हणून ठेवलेली असतात. आतला शब्द शोधता येत नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी 'नाहीं', 'कांहीं', 'गांव' असं अनुस्वार देऊन छापत. आज 'गाव' टाइप करणाऱ्यासमोर तो जुना 'गांव' येईलच याचा नेम नाही. एकच लेखक कुठे आद्याक्षरांनी, कुठे टोपणनावानं. हे सगळं एका जागी आणायचं म्हणजे तालिकीकरण, आणि बी.लिब.ला तेच शिकवतात. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच सूत्रांपैकी एक नियम, १९३१ सालचा. इंटरनेट नव्हतं तेव्हाचा!

गर्दीचं म्हणाल, तर अनेक वाचनालयांनी अभ्यासिका काढल्या आहेत. एमपीएससीची मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात, वर्गणी येते. चांगलंच आहे. पण टेबल, खुर्ची आणि वायफाय कुणीही भाड्यानं देतो. त्या मुलाला जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, काढून नेमकं पान उघडून देणारं माणूस तिथं असेल, तर मी त्याला वाचनालय म्हणेन.

पगाराबाबत मात्र तुमची भीती खोटी नाही. सार्वजनिक वाचनालयातला पगार सरकारी अनुदानावर, आणि तो तुटपुंजा. तेवढ्यावर घर चालत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. अनुदानित महाविद्यालयातल्या ग्रंथपालाची वेतनश्रेणी चांगली. पण तिथं एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, शिवाय जागा निघायची वाट बघावी लागते. ग्रंथालयशास्त्राचा विभाग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, चौकशी तिथं करा. सोबत 'कोहा' हे ग्रंथालयांसाठीचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर आणि स्कॅनिंग यायलाच हवं. नुसत्या पदवीवर मी भरवसा ठेवणार नाही.

प्रवेश घेण्याआधी एक करा. परीक्षा संपली की तिला दोन महिने गावातल्या वाचनालयात जाऊ द्या, बिनपगारी. काम एकच : जुन्या दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका संगणकावर भरायच्या, लेखक, विषय, वर्ष. धूळ आहे, शिंका आहेत, पुसट शाई आहे. पंधरा दिवसांत कंटाळली, तर तुमचं वर्ष वाचलं. नाही कंटाळली, तर मला पुन्हा लिहा, आणि पदवीचा विषय कोणता तेही कळवा. इतिहास असेल तर मोडी शिकण्याविषयी तिच्याशी बोलायचं आहे.