आमच्या कॉलेजात दोन अफगाण विद्यार्थिनी आहेत. शिक्षक म्हणून त्यांना नेमकी काय मदत करता येईल?

तुम्ही लिहिलंय की दोघी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत, फी थकली आहे, वर्गात येणं कमी झालंय आणि स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी एखादा कार्यक्रम घ्यायचं चाललंय. कार्यक्रम राहू द्या. आधी त्यांचा व्हिसा कोणत्या तारखेला संपतो ते विचारा.

मी पुण्यात एका कॉलेजात शिकवत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे होतं. १५ ऑगस्ट २०२१ ला सकाळी झेंडावंदन करून घरी आले आणि संध्याकाळपर्यंत काबूल तालिबानच्या हाती पडल्याच्या बातमीने मुलांचे फोन सुरू झाले. तिथल्या बँका बंद झाल्या, घरून येणारे पैसे थांबले. एका मुलीला ऑफिसातून सांगितलं, "फी हप्त्याने भर." आठवड्याने ती जेमतेम दीड हजार रुपये घेऊन आली आणि पुढच्या आठवड्याचे कुठून आणू म्हणून रडायला लागली. तिच्या दरी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, हफ्ता म्हणजे आठवडा! अर्ज, कागद, खर्च, दरवाजा हे आपले शब्द तिला ओळखीचे वाटायचे, त्यातला हा एकच असा उलटला. तेव्हापासून अशा मुलांना काही सांगायचं तर तारीख आणि रक्कम कागदावर लिहून द्यायची, हे मी ठरवून टाकलं.

खरी अडचण कुठे होते ते सांगते. व्हिसाची मुदत वाढवायला कॉलेजचं बोनाफाइड लागतं. फी बाकी असली की ऑफिस बोनाफाइड अडवून ठेवतं. बोनाफाइड नाही म्हणून मुदतवाढ नाही, आणि मुदत संपली की काल वर्गात बसलेली मुलगी आज बेकायदा राहणारी ठरते. क्लार्कच्या मनात वाईट काही नसतं, तो नियम पाळत असतो. म्हणून प्राचार्यांना भेटून एवढंच मागा: या दोघींच्या बाबतीत बोनाफाइड आणि थकबाकी यांची गाठ सोडवा. फीचं वेळापत्रक वेगळं लिहून घ्या. आणि ऑफिसातली एकच व्यक्ती त्यांच्यासाठी ठरवून द्या, म्हणजे प्रत्येक खिडकीवर घरची कहाणी पुन्हा सांगायला नको.

दयेपोटी त्यांना कुठे पगारी काम लावून देऊ नका. विद्यार्थी व्हिसावर नोकरी चालत नाही, आणि त्यात अडकतील त्या, आपण नाही. मदत करायची तर शिक्षकांनी वर्गणी काढून फीच्या खात्यात थेट भरावी. आम्ही तेच केलं.

तुम्ही त्यांना 'निर्वासित' म्हटलंय. कागदावर त्या बहुधा परदेशी विद्यार्थिनी आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. अफगाण लोकांची निर्वासित म्हणून नोंदणी संयुक्त राष्ट्रांची यूएनएचसीआर ही संस्था करते, तिचं कार्यालय दिल्लीत आहे. अशी नोंद झालेल्यांसाठी १९९२ पासून 'डाफी' ही पदवीची शिष्यवृत्ती आहे, तिला मुख्यतः जर्मन सरकारचा पैसा असतो. पण नोंदणीचा निर्णय मोठा आहे. तो त्यांनी जाणकार वकिलाशी बोलून स्वतः घ्यावा, आपण ढकलू नये.

आणखी एक, कार्यक्रमाला मी नको म्हटलं त्याचं हे मुख्य कारण. त्यांचे फोटो कॉलेजच्या पेजवर टाकू नका, वर्गात सगळ्यांसमोर "घरचे कसे आहेत?" असं विचारू नका. घरचे तिथेच आहेत, आणि इथे छापून आलेलं तिथे वाचलं जातं ही भीती मी मुलींच्या डोळ्यांत पाहिली आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांची दारं बंद केली. त्यामुळे आपल्या मुलींना पदवी म्हणजे सुटकेचा श्वास, तर या दोघींना पदवी संपणं म्हणजे व्हिसाचं कारणच संपणं. दुसऱ्या वर्षातच एम.कॉम.च्या प्रवेशाबद्दल, शिष्यवृत्तीबद्दल बोलायला लागा. काबूलहून एखादी मूळ मार्कशीट किंवा सही-शिक्का मागवायचा असेल तर त्याला महिने जातात, आणि आणायला तिथे कोणाला तरी घराबाहेर पडावं लागतं.